डॉ. रखमाबाई : रुग्ण स्त्रीची बाजू घेणारी डॉक्टर



जांबमध्ये राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा होता, मंगलाष्टकांतला सावधान हा शब्द त्याच्या कानी पडला आणि तो मंडपातून निघून गेला. पुढे जगाने त्याला समर्थ रामदास म्हणून ओळखले. रामनवमीच्या यात्रेला आपल्याही घरांतील मुले हौसेने जातात आणि ही कथा त्यांना तोंडपाठ असते. कधी कधी माझ्या मनात येते, बोहल्याच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या मुलीने असे काही केले असते तर तिचे काय झाले असते?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात नोंदलेले आहे. समर्थांनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी मुंबईत एका मुलीने लहानपणी लावून दिलेल्या लग्नाला मोठेपणी नकार दिला. तिच्या मागे वकील लागले, वर्तमानपत्रे लागली आणि न्यायालयाने तिला तुरुंगाची वाट दाखवली. ती मुलगी पुढे डॉक्टर झाली. येत्या २५ सप्टेंबरला त्या डॉ. रखमाबाईंची पुण्यतिथी आहे. त्यांच्या खटल्याविषयी बरेच लिहिले जाते, पण त्यांच्या दवाखान्याविषयी फार थोडे. मला दोन्हींविषयी लिहायचे आहे, कारण दवाखान्यातली डॉक्टर समजून घ्यायची तर आधी न्यायालयातली मुलगी पाहावी लागते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. आईचे नाव जयंतीबाई, वडिलांचे जनार्दन पांडुरंग. घर सुतार समाजाचे. मूल अडीच वर्षांचे असताना वडील वारले. त्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मोकळीक होती आणि काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. हे सखाराम अर्जुन नावाजलेले डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक होते. १८८३ साली मुंबईत निसर्ग अभ्यासकांची जी मोठी संस्था सुरू झाली, तिच्या संस्थापकांतही ते होते. पुनर्विवाहाआधी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अकराव्या वर्षी मुलीचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी झाले. दादाजीने सासरेबुवांच्या घरी राहावे, शिकावे, चांगला माणूस व्हावे असे ठरले होते. मुलगी वयात आली तेव्हा रीतीप्रमाणे तिला नवऱ्याकडे पाठवण्याची वेळ आली. त्या वेळी डॉ. सखाराम अर्जुन यांनी एक निर्णय घेतला. एवढ्या लहान मुलीवर संसार आणि बाळंतपण लादणे तिच्या शरीराला घातक आहे, हे डॉक्टर म्हणून ते जाणत होते. त्यांनी सरळ नाही म्हटले. आपल्या समाजात मुलीच्या आरोग्यासाठी बाप आडवा उभा राहिल्याची उदाहरणे आजही मोजकी आहेत. त्या काळी तर ती शोधावी लागतील.

दादाजीला हे रुचले नाही. तो मामाकडे राहायला गेला, शिक्षण सुटले, प्रकृती ढासळली. इकडे रखमाबाई घरीच अभ्यास करत होत्या. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचत होत्या, सुधारकांच्या सभांना जात होत्या. १८८४ साली दादाजीने वकिलामार्फत मागणी केली की बायकोला माझ्याकडे पाठवा. त्या मागणीमागे जयंतीबाईंनी मुलीच्या नावे केलेली मालमत्ता होती, असे रखमाबाईंच्या बाजूच्या लोकांना वाटत असे. रखमाबाईंनी नकार दिला. त्यांचे म्हणणे साधे होते. लग्न झाले तेव्हा मला काही समजत नव्हते, मला कोणी विचारले नव्हते, म्हणून मी त्याला बांधील नाही.

बंधुभगिनींनो, सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संमती या एका शब्दावर आम्ही दिवसच्या दिवस वाद घातले आहेत. चर्चची शिकवण सांगते की वधूवरांच्या स्वखुशीच्या संमतीने विवाह घडतो आणि संमतीच नसेल तर विवाहच नाही. वेदीसमोर आपण वधूलाही वेगळे विचारतो ते त्यासाठीच. वीस वर्षांची, कॉलेजचे तोंडही न पाहिलेली एक मुलगी हीच गोष्ट स्वतःच्या बुद्धीने सांगत होती. अर्थात आपणही फार ताठ मान करू नये. चर्चच्या जुन्या नियमांत वधूचे किमान वय बाराच होते. १९१७ च्या धर्मसंहितेने ते चौदा केले. दादाजीने लावलेल्या दाव्याचे मूळही आपल्याच अंगणात सापडते. वैवाहिक सहवासाचा हक्क परत मिळवण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडमधल्या ख्रिस्ती धर्मन्यायालयांत जन्मला आणि इंग्रजांबरोबर इकडे आला.

नेमके हेच न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये मांडले. असा दावा हिंदू कायद्यात नाही, आणि इंग्लंडमध्ये तो सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेल्या लग्नांपुरता आहे, असे म्हणून त्यांनी दादाजीचा दावा फेटाळला. त्याच वर्षी रखमाबाईंनी नाव झाकून, एक हिंदू स्त्री एवढ्याच सहीने, टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहून बालविवाहाने मुलींचे शिक्षण आणि शरीर कसे संपते ते मांडले. तेव्हा वादळ उठले. लोकमान्य टिळकांचे केसरी आणि मराठा त्यांच्या विरोधात उभे राहिले. परक्या सरकारच्या न्यायालयाने आपल्या विवाहपद्धतीत हात घालू नये, हे टिळकांचे म्हणणे होते. त्यात स्वराज्याचा प्रश्न होता हे मी मान्य करतो. पण या सगळ्या चर्चेत त्या मुलीच्या देहाचा विचार किती झाला, हे ज्याने त्याने ठरवावे. बेहरामजी मलबारी आणि इतर काही सुधारकांनी त्यांच्या बचावासाठी समिती काढली.

१८८६ साली अपिलात निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. गंमत अशी की या कारणासाठी तुरुंगात टाकण्याची शिक्षा खुद्द इंग्लंडने १८८४ साली रद्द करून टाकली होती. तिथे मोडीत काढलेला कायदा इथे एका मुलीवर चालवला गेला.

पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते की व्हिक्टोरिया राणीने हे लग्न रद्द केले. गोष्ट ऐकायला छान आहे, पण तसे घडले नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजीने २,००० रुपये घेतले आणि दावा सोडला. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा शेवट पावतीवर झाला. रखमाबाई तुरुंगातून वाचल्या आणि दादाजीने दुसरे लग्न केले.

याच काळात एडिथ पीची नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत काम करत होती. स्त्रियांनी डॉक्टर होण्यासाठी एडिनबरो विद्यापीठाशी झगडलेल्या सात तरुणींपैकी ती एक होती. १८८३ च्या अखेरीस ती मुंबईला आली आणि कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांनीच चालवायचे रुग्णालय ही त्या काळी नवीन गोष्ट होती. आजच्या मुलींना वाटेल, डॉक्टर बाई की बुवा, काय फरक पडतो? पण तेव्हा पडद्यातली बाई पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नसे. बाहेर नवरा किंवा सासू तिचे दुखणे सांगे आणि डॉक्टर अंदाजाने औषध देई. कित्येक बायका काही न सांगता मरत. पीचीबाईंनी रखमाबाईंना डॉक्टर होण्याचे सुचवले. १८८९ साली रखमाबाई लंडनला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या.

लंडनमध्ये असताना १८९० साली त्यांनी एका इंग्रजी मासिकात भारतातील बालविवाहांविषयी सरकारला आवाहन करणारा लेख लिहिला. त्याच वर्षी कलकत्त्यात फुलमणी दासी या कोवळ्या मुलीचा नवऱ्याच्या बळजबरीने मृत्यू झाल्याचे प्रकरण गाजले. तिचे वय दहाच्या वर असल्याने तेव्हाच्या कायद्याने तो बलात्कार ठरला नाही. भारतात काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांनी सरकारला निवेदन दिले आणि आपल्यापुढे आलेल्या लहान विवाहित मुलींच्या जखमा एकेक करून नोंदवल्या. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन वय दहावरून बारा करण्यात आले. दोनच वर्षे वाढली, असे आपल्याला वाटेल. पण रुग्ण मुलीच्या शरीराची साक्ष सरकारदरबारी पोहोचली आणि तिच्यामुळे कायदा बदलला, ही गोष्ट लहान नव्हती. रखमाबाईंच्या खटल्याने त्या कायद्याची जमीन नांगरून ठेवली होती.

इथे थोडे विषयांतर करतो. लंडनला जाण्यासाठी रखमाबाईंना ज्यांनी मदत केली, त्यांत वॉल्टर आणि ईवा मॅक्लॅरन हे जोडपे होते. या वॉल्टर मॅक्लॅरन यांची बहीण अ‍ॅग्नेस. तीही डॉक्टर होती आणि साठी उलटल्यावर, १८९८ साली, कॅथोलिक झाली. उत्तर भारतातल्या पडद्यातील स्त्रिया स्त्री डॉक्टरांअभावी मरतात हे तिला कळले, तेव्हा तिने रावळपिंडीत रुग्णालय उभे करण्यासाठी खटपट केली आणि सत्तरी ओलांडलेली असताना स्वतः तिकडे जाऊन आली. पण तिथे काम करायला धर्मभगिनी डॉक्टर मिळेनात, कारण व्रतस्थ भगिनींनी डॉक्टरी आणि विशेषतः बाळंतपणाचे काम करू नये असा चर्चचा नियम होता. अ‍ॅग्नेसने हा नियम बदलावा म्हणून रोमला पुन्हा पुन्हा विनंती केली. १९१३ साली ती वारली तेव्हा नियम तसाच होता. तिचे काम अ‍ॅना डेंगल या ऑस्ट्रियन डॉक्टरने पुढे नेले, १९२५ मध्ये डॉक्टर-भगिनींचा संघ काढला आणि ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने परवानगी दिली. आज कुठल्याही मिशन दवाखान्यात बाळंतपण करणारी सिस्टर आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की कधी तिला हे करण्याची मनाई होती, हे आपण विसरलो.

पुन्हा रखमाबाईंकडे वळू. १८९४ साली शिक्षण पूर्ण झाले. स्कॉटलंडच्या वैद्यक मंडळांची परीक्षा आणि ब्रसेल्सची एम.डी. पदवी घेऊन त्या परतल्या. त्यांच्या आधी आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या होत्या, पण कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू होण्याआधीच १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या. आनंदीबाईंना जे करायला मिळाले नाही, ते रखमाबाईंनी सुमारे ३५ वर्षे केले.

१८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्री रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. रुग्णालय होते, डॉक्टरीण होती, फक्त रुग्ण येत नव्हत्या. बाळंतपण म्हणजे घरची काळोखी खोली आणि सुईण, दवाखाना म्हणजे विटाळ आणि मरण, अशी बायकांची समजूत होती. त्यावर रखमाबाईंनी काय केले याची एक हकिगत सांगतात. त्यांनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवली आणि तिथे तिला सुखरूप विऊ दिले. शेळी आणि तिची पिल्ले धडधाकट राहिली हे बायकांनी पाहिले, शेजारणींना सांगितले आणि मग एकेक बाई येऊ लागली. आपल्याकडे दारात शेळी बांधलेल्या प्रत्येक आईला या युक्तीतले शहाणपण पटेल. दुसरा कोणी डॉक्टर असता तर बायकांना अडाणी म्हणून मोकळा झाला असता. रखमाबाईंनी ती भीती खरी मानली. मोठमोठी विद्वान माणसे आपल्या देहाविषयी परस्पर निर्णय घेतात तेव्हा काय वाटते, हे त्यांनी तरुणपणी भोगले होते. न विचारता हात लावणाऱ्यांपैकी आपण एक होऊ नये याची काळजी त्यांनी घेतली, असे मला त्यांच्या कामाकडे पाहून वाटते.

हे लिहिताना मला माझी एक चूक आठवते. मागे एकदा एका घरी आजारी आजोबांना कम्युनियन द्यायला गेलो होतो. त्या घरची सून भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढराफटक. मी तिच्या नवऱ्याला विचारले, हिला बरे नाही का? तो म्हणाला, थोडा अशक्तपणा आहे फादर. मी आशीर्वाद दिला आणि निघालो. पुढे सिस्टरांनी तिला बाजूला घेऊन विचारले तेव्हा कळले की कित्येक महिने तिला रक्त जात होते. ती एकदा एका दवाखान्यात गेलीही होती. तिथे रांगेतल्या सगळ्यांसमोर मोठ्याने विचारले गेले, काय होतंय? ती लाजून तशीच परत आली आणि पुन्हा गेली नाही. दवाखान्याला मी दोष देऊ शकतो, पण मी तरी काय वेगळे केले? मीही तिचे दुखणे तिच्या नवऱ्याला विचारले होते.

शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्राव होणारी स्त्री आहे. मार्क सांगतो की तिने पुष्कळ वैद्यांच्या हातून पुष्कळ सोसले होते, जवळचे सगळे खर्चून बसली होती आणि दुखणे वाढतच गेले होते. त्या अध्यायावर मी अनेकदा प्रवचन दिले आहे आणि दर वेळी तिच्या श्रद्धेवर बोललो आहे. तिच्या खर्चावर आणि त्या वैद्यांवर मी कधी बोललो नव्हतो. प्रभू गर्दीत थांबला आणि त्याने तिला स्वतःच्या तोंडाने सगळे सांगू दिले, तेही पुरुषांच्या घोळक्यात, याकडे माझे लक्ष त्या सुनेमुळे गेले.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची पिशवी काढून टाकण्याचे प्रकार उघडकीला आले, तेव्हा २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत चाळिशीही न गाठलेल्या कितीतरी. पाळीत काम बुडाले की मुकादम पैसे कापतो, अंगावर उचल असते, आणि पोट दुखते म्हणून गेले तर पिशवी काढा म्हणजे कायमची कटकट मिटेल असे सांगणारे भेटतात. आपल्या घनसावंगी, अंबड भागातूनही कोयते जातात. कोयता जोडीने लागतो म्हणून मुलींची लग्ने अठराच्या आत उरकली जातात, हे आपण सगळे जाणतो आणि पत्रिका आली की जेवायलाही जातो.

रखमाबाई सुरतेत सुमारे बावीस वर्षे राहिल्या. त्यांना सरकारच्या स्त्री वैद्यक सेवेत मोठी जागा देऊ करण्यात आली होती. ती न घेता त्या राजकोट संस्थानच्या जनाना रुग्णालयात गेल्या आणि १९२९ पर्यंत तिथे काम केले. राजकोटला त्यांनी रेडक्रॉसची शाखाही काढली. निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांनी पडदा पद्धत बंद करण्याची गरज सांगणारी पुस्तिका लिहिली. आयुष्यभर ज्या पडद्याआड जाऊन बायकांना तपासले, तो पडदाच आजाराचे एक कारण आहे, हे सांगितल्याशिवाय त्यांना विश्रांती घ्यावीशी वाटली नसावी.

त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट मला अजून नीट उलगडलेली नाही. १९०४ साली दादाजी वारला. ज्या माणसाबरोबर त्या एक दिवसही नांदल्या नाहीत, ज्याचे नवरेपण नाकारण्यासाठी तुरुंगात जायला निघाल्या, त्याच्या मृत्यूनंतर त्या विधवेची पांढरी साडी नेसू लागल्या. रुग्णांच्या घरांत सहज वावरता यावे म्हणून असेल, किंवा समाजाशी आणखी भांडण नको म्हणून असेल. काहींना यात हार दिसते. मला दिसत नाही, पण माझ्याजवळ उत्तरही नाही. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही.

निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदीत, वारल्या. त्याच्या चारच महिने आधी, १८ मे १९५५ रोजी, हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याने वधूचे किमान वय पंधरा ठरवले, ते १९७८ मध्ये अठरा झाले, आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा मार्ग मोकळा केला. दादाजीने त्यांच्यावर जो दावा लावला होता, तो मात्र त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये ठेवण्यात आला आणि अजूनही तिथेच आहे. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात तो कलम ३२ मध्ये सापडतो.

तुमचा,
फादर